बहिणाबाईंची गाणी वाचली, पण त्यांच्या काळातलं बियाणं कुठे गेलं?

मराठी शाळेत शिकलेल्या जवळपास प्रत्येकाने बहिणाबाई चौधरींवर परीक्षेत एक उत्तर लिहिलेलं असतं. त्या उत्तरातले दोन मुद्दे ठरलेले. पहिला, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. दुसरा, तरीही त्यांनी आयुष्याचं मोठं तत्त्वज्ञान सोप्या शब्दांत सांगितलं. मार्क पडायचे, विषय संपायचा.

तिसरा मुद्दा मात्र क्वचितच कुणी लिहितं. बहिणाबाई दिवसभर करायच्या काय? तर शेती. त्या आधी शेतकरी होत्या, मग कवयित्री. गाणी सुचायची ती पेरताना, निंदताना, खळ्यावर, जात्यावर. त्यामुळे त्यांचं चरित्र शेत बाजूला ठेवून वाचलं तर निम्मंच हाती लागतं.

आणि शेताच्या बाजूने वाचलं तर एक वेगळाच प्रश्न समोर येतो. त्यांची गाणी हरवता हरवता वाचली. पण ज्या शेतीत ती जन्मली, तिथली पिकं, तिथलं बियाणं, त्याचं पुढे काय झालं?

आसोद्याची लेक

बहिणाबाईंचा जन्म १८८० च्या ऑगस्ट महिन्यातला. गाव आसोदे, जळगावपासून काही किलोमीटरवर. दिवस नागपंचमीचा. या दिवशी नांगर चालवायचा नाही, जमीन खणायची नाही, काही चिरायचं-कापायचं नाही, अशी शेतकरी घरातली जुनी रीत. अशा दिवशी महाजनांच्या घरात ही मुलगी जन्मली. वडील उखाजी, आई भिमाई. घमा, गना आणि घना हे तीन भाऊ, अहिल्या, सीता आणि तुळसा या तीन बहिणी. भरलेलं शेतकरी घर.

मुलींना शाळेत घालायची पद्धत तेव्हा खेड्यात नव्हतीच. पण म्हणून त्यांचं शिक्षण झालं नाही असं म्हणता येणार नाही. कोणत्या नक्षत्रात काय पेरायचं, कोणत्या जमिनीत काय येतं, कोणतं कणीस बियाण्यासाठी बाजूला काढायचं, कोणता पाला भाजीला चालतो आणि कोणता नाही, हे सगळं त्या वयात कानावर पडत आणि हाताखालून जात होतं. घरात बोलली जायची लेवा गणबोली. पुढे याच बोलीत त्यांनी गाणी रचली.

योगायोग म्हणजे, त्याच १८८० मध्ये ब्रिटिश सरकारने मुंबई इलाख्याच्या गॅझेटियर मालिकेतला खानदेशचा खंड छापला. आजचे जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे तेव्हा एकाच खानदेश जिल्ह्यात होते. १९०६ मध्ये त्याचे पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले, तेच पुढे जळगाव आणि धुळे. नंदुरबार धुळ्यातून वेगळा झाला तो १९९८ मध्ये.

म्हणजे एकीकडे साहेब खानदेशातली पिकं, जमीन, पाऊस, बाजार यांची कागदावर नोंद करत होता. दुसरीकडे त्याच वर्षी अशी एक मुलगी जन्मली, जी हीच शेती कागदाशिवाय, गाण्यात नोंदवून ठेवणार होती.

तेराव्या वर्षी जळगावात

वयाच्या तेराव्या वर्षी बहिणाबाईंचं लग्न जळगावच्या नथूजी चौधरींशी झालं. माहेर जवळच, पण सासर म्हणजे वेगळं जग. आसोद्याच्या वाटेवर त्यांनी पुढे कविता केली, त्यावरून माहेरची ओढ किती होती ते कळतं.

त्या काळातलं जळगाव झपाट्याने बदलत होतं. त्याचं कारण कापूस. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिकडून इंग्लंडच्या गिरण्यांना येणारा कापूस थांबला आणि गिरणीमालकांचं लक्ष हिंदुस्थानकडे वळलं. त्याच सुमारास खानदेशात रेल्वे आली. जळगाव, धुळे, अमळनेर, चोपडा या भागातला कापूस मुंबईच्या बंदराकडे निघाला. १८७० च्या दशकात जळगावात कापडाची गिरणीही उभी राहिली.

आता इथे बियाण्याच्या गोष्टीतलं पहिलं वळण येतं. खानदेशातली देशी कपाशी दणकट होती. पाऊस कमी पडला तरी तग धरायची, रस शोषणाऱ्या किडींनाही सहज बळी पडायची नाही. पण तिचा धागा आखूड आणि जाडाभरडा. इंग्लंडमधल्या यंत्रांना हवा होता लांब धागा. त्यामुळे सरकारने बाहेरचं बियाणं, कधी अमेरिकन जातीचं तर कधी हिंगणघाटचं, खानदेशात रुजवायचे प्रयत्न केले.

म्हणजे शेतात काय पेरायचं हे शेताच्या गरजेवरून न ठरता दूरच्या गिरणीच्या गरजेवरून ठरावं, ही सुरुवात बहिणाबाईंच्या जन्माआधीच झाली होती. तरीही त्यांच्या पिढीत कापूस शेतात एकटा नसायचा. त्याच्या सोबतीला बरंच काही असायचं.

एका वावरात किती पिकं?

खानदेशात शेताला वावर म्हणतात. त्या काळच्या कोरडवाहू वावरात एकच पीक लावायची पद्धत नव्हती. ज्वारी, बाजरी, कपाशी, तूर, मूग, उडीद, चवळी, मटकी, तीळ, अंबाडी, भुईमूग, हरभरा, अशी पिकं घेतली जायची. यातली अनेक एकाच वावरात एकमेकांच्या शेजारी उभी असायची. कपाशीत तुरीची ओळ, ज्वारीत मूग-उडीद, बांधाला अंबाडी आणि वेलवर्गीय भाज्या.

यामागे साधा हिशोब होता. मूग आणि उडीद साधारण ७० ते ८० दिवसांत हाती येतात. बाजरीला ८० ते ९० दिवस लागतात, ज्वारीला ११० च्या आसपास. कपाशी आणि तूर त्याहून बरीच लांबतात. त्यामुळे पावसाने मध्येच दगा दिला तरी सगळीच पिकं एकदम जात नाहीत. ऑगस्टात ओढ दिली तर मुगाचं नुकसान होईल, पण तूर सावरेल. परतीच्या पावसाने कपाशी भिजली तरी मूग-उडीद आधीच घरात आलेले असतील.

दुसरा हिशोब जमिनीचा. कडधान्यांच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यातले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात. ज्वारीची तंतुमय मुळं वरच्या थरात पसरतात, तुरीचं सोटमूळ खोल जातं. एकाच वावरात दोघंही राहिली तरी पाण्यासाठी भांडण कमी.

तिसरा हिशोब ताटातला. खानदेशी जेवणात कळण्याची भाकरी असते, म्हणजे ज्वारीत उडीद मिसळून दळलेल्या पिठाची. उन्हाळ्यात ज्वारीच्या बिबड्या घातल्या जातात. ही पाककृती म्हणून आपण आज इन्स्टाग्रामवर बघतो, पण तिचा उगम वावरात आहे. जे शेजारी शेजारी पिकायचं, तेच जात्यात एकत्र दळलं जायचं.

आणि या सगळ्याचं बियाणं दुकानातून येत नव्हतं, कारण दुकानच नव्हतं. पीक उभं असताना चांगली कणसं, चांगल्या शेंगा हेरायच्या, वेगळ्या वाळवायच्या, राखेत किंवा कडुनिंबाच्या पाल्यात घालून मडक्यात, कणगीत ठेवायच्या. याला बी धरणं म्हणतात. हे काम बहुतेक करून घरातल्या बायकांकडे असायचं. भाजीपाल्याचं बी तर पूर्णपणे त्यांच्याच ताब्यात. लेक सासरी जाताना, बहीण माहेरी येताना बियाण्याची पुरचुंडी इकडून तिकडे जायची.

शेतीतली जैवविविधता हा शब्द ऐकायला जड वाटतो. प्रत्यक्षात तो एवढाच आहे. शेतात किती प्रकारची पिकं आहेत, आणि एकेका पिकाचे किती वेगवेगळे वाण आहेत. लाल ज्वारी वेगळी, पांढरी वेगळी, हुरड्याची वेगळी, लाह्यांची वेगळी. प्रत्येक वाणामागे कुणीतरी पिढ्यानपिढ्या केलेली निवड असते.

दुष्काळ, प्लेग आणि तिशीतलं वैधव्य

हे वाचून जुना काळ म्हणजे सुखाचा काळ असं वाटू शकतं. तसं अजिबात नव्हतं.

बहिणाबाई सोळा-सतरा वर्षांच्या असताना १८९६-९७ चा दुष्काळ पडला. त्यातून सावरायच्या आत १८९९-१९०० चा दुष्काळ आला. विक्रम संवत १९५६ मधला म्हणून याला छप्पनचा दुष्काळ म्हणतात. पश्चिम हिंदुस्थानात माणसं मेली, जनावरं तर प्रचंड संख्येने मेली. अनेक पिकं घेण्याच्या पद्धतीने या दुष्काळांना थोपवलं, असं म्हणणं खोटं ठरेल. पाऊसच आला नाही तर कुठलंच वाण उगवत नाही. पण दुष्काळ संपल्यावर पुन्हा उभं राहायला घरातलं मूठभर बियाणंच उपयोगी पडतं. दुष्काळात पोटाला चिमटा काढून बी राखून ठेवणारी घरं म्हणूनच शहाणी मानली जायची.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढे वर्षानुवर्षं तो महाराष्ट्रभर फिरत राहिला. बहिणाबाईंना तीन मुलं, काशी ही मुलगी, ओंकार आणि सोपानदेव हे मुलगे. यातल्या ओंकारला प्लेगमुळे कायमचं अपंगत्व आलं.

त्यानंतर, वयाच्या तिशीत, पती नथूजी गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, जळगावात, पदरात तीन मुलं असलेली विधवा बाई. घरच्या वाटण्या, पैशाची ओढाताण, समाजाची नजर. या सगळ्यात त्यांनी काय केलं? तर शेतात जात राहिल्या. वैधव्यावरची त्यांची कविता प्रसिद्ध आहे. तिच्यात रडगाणं नाही, कपाळाचं कुंकू पुसलं तरी हातात बळ आहे, असा तिचा एकूण सूर आहे. ते हात शेतकऱ्याचे होते.

त्यांच्या गाण्यांची यादी बघितली तर ती जवळपास शेतीचं वेळापत्रक आहे. पेरणीवर कविता, कापणीवर कविता, खळ्यावरच्या मळणीवर कविता, धान्य उपणताना वाऱ्याला केलेल्या विनवणीवर कविता. विहिरीवरच्या मोटेवर आहे, जात्यावर आहे, पोळ्यावर आहे, आखाजीवर आहे. अक्षय तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात आणि सासुरवाशिणींसाठी तो वर्षातला सगळ्यात मोठा सण. मातीच्या पोटात बी कसं रुजतं, यावर तर एक आख्खी कविता आहे. झाडाला घरटं टांगणारी सुगरणही त्यात आली. म्हणजे त्यांच्या शेतात माणूस, बैल, पाखरू, वारा आणि बी या सगळ्यांना जागा होती.

यातल्या कित्येक गोष्टी आता दिसत नाहीत. मोट गेली, इंजिन आलं, मग मोटर आली. खळी गेली, मळणी यंत्र आलं. पहाटे जात्यावर दळणं थांबलं आणि त्यासोबत जात्यावरची ओवीही थांबली. त्याबद्दल कुणी हळहळण्याचं कारण नाही, कारण त्या कामात बायकांची कंबर मोडायची. पण मोट जाणं आणि बियाणं जाणं यात फरक आहे. मोट लागलीच तर पुन्हा बनवता येते. हरवलेलं वाण पुन्हा बनवता येत नाही.

वही हाती लागली म्हणून

बहिणाबाई गाणी रचायच्या आणि काम करता करता म्हणायच्या. लिहून ठेवायचा प्रश्नच नव्हता. त्यांचा मुलगा सोपानदेव पुढे स्वतः कवी झाला. सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी यातली काही गाणी वेळोवेळी उतरवून घेतली.

३ डिसेंबर १९५१ रोजी, वयाच्या ७१ व्या वर्षी, जळगावात बहिणाबाईंचं निधन झालं. तोवर घराबाहेर त्यांना फारसं कुणी ओळखत नव्हतं. त्यानंतर सोपानदेवांनी ती गाणी मुंबईत आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्रे थक्क झाले. त्यांच्या पुढाकाराने आणि त्यांची प्रस्तावना घेऊन १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक आलं. पुढे त्यातली गाणी सिनेमात आली, पाठ्यपुस्तकांत आली. २०१८ मध्ये जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचं नाव देण्यात आलं. जुन्या जळगावातल्या चौधरी वाड्यात त्यांच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. जी गाणी उतरवली गेली, तेवढीच वाचली. जी उतरवली नाहीत, ती बहिणाबाईंसोबत गेली. आयुष्यभर गाणाऱ्या बाईची मोजकीच गाणी आपल्या हाती आहेत.

बियाण्याचंही नेमकं असंच आहे. तेही तोंडी माहितीवर चालत आलं. फरक इतकाच की गाणं वहीत उतरवलं की वाचतं. बियाणं वहीत उतरवून वाचत नाही. साध्या मडक्यात ठेवलेलं बहुतेक बी काही वर्षांत उगवणशक्ती गमावतं. ते टिकवायचं तर दर एक-दोन वर्षांनी कुणीतरी पेरावं लागतं. पेरणारं घर थांबलं की वाण संपलं.

त्यानंतरच्या ७० वर्षांत काय झालं?

बहिणाबाई गेल्या तेव्हा देश स्वतंत्र होऊन चार वर्षं झाली होती आणि धान्याची टंचाई होती. उत्पादन वाढवणं ही गरज होती. १९६४ मध्ये संकरित ज्वारीचं पहिलं वाण, सीएसएच-१, आलं. १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रातून एच-४ ही व्यापारी लागवडीसाठीची जगातली पहिली संकरित कपाशी आली. उत्पादन वाढलं, शेतकऱ्याच्या हाती पैसा आला. हे नाकारायचं कारण नाही. देशी वाणांचं उत्पादन कमी होतं, हेही खरं.

पण संकरित बियाण्याची एक अट असते. त्याचं बी धरून पुढच्या वर्षी पेरलं तर पीक एकसारखं येत नाही, उत्पादन घसरतं. त्यामुळे बियाणं दरवर्षी विकत घ्यायचं. बी धरण्याची सवय गेली, तसं बी ओळखणारी नजरही गेली. आणि ते काम ज्या बायकांकडे होतं, त्यांचा शेतीच्या निर्णयातला वाटाही गेला.

कपाशीचं बघा. २००२ मध्ये भारतात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. बोंडअळीला मारणारं प्रथिन झाडातच तयार होतं, म्हणून फवारणी कमी. सुरुवातीला फायदा झाला आणि काही वर्षांत खानदेशासह महाराष्ट्रातली जवळपास सगळी कपाशी बीटी झाली. बीटीच्या पाकिटासोबत थोडं बिगर-बीटी बियाणंही दिलं जायचं, बांधाच्या कडेने लावण्यासाठी. त्यावर साध्या अळ्या जगाव्यात आणि त्यांच्यामुळे विषाला सरावलेल्या अळ्यांची पिढी वाढू नये, हा उद्देश. म्हणजे शास्त्रज्ञांनाही शेतात थोडी विविधता हवीच होती. पण ते बियाणं अनेकांनी लावलंच नाही. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातल्या कपाशीचं मोठं नुकसान केलं. अळी बीटीला सरावली होती आणि तिच्यासमोर मैलोन्‌मैल एकच खाद्य होतं.

केळीचंही तसंच. जळगावची केळी म्हणजे रावेर, यावल, सावदा, फैजपूरची ओळख. भौगोलिक मानांकनही मिळालंय. पण आज तिथे जे लावलं जातं ते प्रामुख्याने ग्रँड नैन, तेही टिश्यू कल्चरची रोपं. केळीला बी नसतं, म्हणून प्रत्येक रोप दुसऱ्याची हुबेहूब नक्कल. एका रोपाला जो रोग होतो, तो सगळ्यांना होऊ शकतो. कुकुंबर मोझॅक विषाणूमुळे होणारा रोग, ज्याला आपल्याकडचे शेतकरी हरण्या म्हणतात, त्याने अनेकदा शेतकऱ्यांना लावलेली रोपं उपटून फेकायला लावली आहेत.

जगाने हे आधी अनुभवलंय. १९५० च्या दशकापर्यंत जगाच्या बाजारात ग्रो मिशेल नावाचं केळं चालायचं. पनामा रोग आला आणि बागाच्या बागा संपल्या. मग त्या रोगाला तोंड देणारं कॅव्हेंडिश गटातलं केळं आलं. आपलं ग्रँड नैन आणि जुनं बसराई हे दोन्ही याच गटातले. आता त्याच पनामा रोगाचा टीआर-४ हा नवा प्रकार कॅव्हेंडिशला मारतो आणि तो भारतात, बिहार आणि उत्तर प्रदेशात, सापडलाय. यावर उत्तर शोधायचं तर शास्त्रज्ञांना रोग सहन करणाऱ्या दुसऱ्या जाती लागतात, जंगली केळी लागतात. त्या कुणीतरी राखल्या असतील तरच.

जगाचं चित्रही फार वेगळं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार माणसाने अन्नासाठी सुमारे ६,००० वनस्पतींची लागवड केली आहे. त्यातल्या फक्त ९ पिकांतून जगातल्या पीक उत्पादनाचा ६६ टक्के वाटा येतो.

मग सगळंच संपलं का?

नाही. आणि याचा सगळ्यात चविष्ट पुरावा बहिणाबाईंच्या माहेरीच आहे.

जळगावचं भरीत कुणाला माहीत नाही? त्यासाठी लागणारं हिरवं, मोठं, कमी बियांचं वांगं जळगाव परिसरात पिकतं आणि त्यासाठी नावाजलेल्या गावांत बामणोद आणि भादलीसोबत आसोदेही आहे. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर ते भाजायचं, लाकडी बडगीत ठेचायचं आणि कळण्याच्या भाकरीसोबत खायचं. जळगाव भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. हे वांगं टिकलं ते शेतकरी त्याचं बी धरत राहिले म्हणून, आणि आपण ते मागून खात राहिलो म्हणून. ज्या वाणाला गिऱ्हाईक असतं, ते वाण टिकतं. नंदुरबारमधल्या नवापूरच्या तुरीलाही असंच मानांकन आहे.

सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव भागात, आदिवासी शेतकऱ्यांनी मका आणि ज्वारीचे कितीतरी स्थानिक वाण राखले आहेत. बाएफ या संस्थेने गावकऱ्यांसोबत तिथे बियाणे बँक उभी केली. तिचा व्यवहार साधा असतो. बियाणं न्यायचं आणि हंगाम संपला की नेलं त्यापेक्षा जास्त परत करायचं. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांनी याच पद्धतीने शेकडो वाण जपले आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बहिणाबाईंसारख्याच राहीबाईही शाळेत गेलेल्या नाहीत.

सरकारी पातळीवर दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या जनुक बँकेत चार लाखांहून अधिक बियाण्यांचे नमुने थंड तापमानात ठेवलेले आहेत. महाराष्ट्र सरकारने २०२२ मध्ये राज्याच्या जनुक कोश प्रकल्पाला मंजुरी दिली. कायदाही शेतकऱ्याच्या बाजूने आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानुसार शेतकरी स्वतःच्या शेतातलं बियाणं राखू शकतो, पेरू शकतो, वाटू शकतो आणि विकूही शकतो, फक्त संरक्षित वाणाचं बियाणं ब्रँड लावून विकता येत नाही.

पण बँकेतलं बियाणं आणि वावरातलं बियाणं यात फरक आहे. बँकेत ते जसं ठेवलं तसंच राहतं. वावरात ते दरवर्षी नव्या पावसाशी, नव्या किडीशी, नव्या उन्हाशी जुळवून घेतं. हवामान बदलत असताना हे जुळवून घेणंच सगळ्यात मोलाचं. म्हणून दोन्ही हवं.

बहिणाबाईंकडून काय घ्यायचं?

बहिणाबाईंच्या काळाकडे परत जा, असं कुणी शेतकऱ्याला सांगू नये. त्या काळात भूक होती, प्लेग होता आणि बायकांच्या वाट्याला न संपणारे कष्ट होते. कपाशी आणि केळी सोडून द्या असं सांगणंही सोपं, कारण कर्ज आपल्या नावावर नसतं.

मागणी त्याहून छोटी आहे. वावरातल्या दोन-चार ओळी, परसातला एक कोपरा, गावात एखादी बियाणे बँक. शहरात राहणाऱ्यांसाठी त्याहूनही सोपं. भरताचं वांगं घेताना ते कुठलं आहे ते विचारा. लाल ज्वारी, मटकी, अंबाडी, तीळ यांना ताटात जागा द्या. गावाकडे आजी असेल तर तिला विचारा की तिच्या लहानपणी कोणती ज्वारी होती, कोणत्या वालाच्या शेंगा होत्या, बी कशात ठेवायचे. नावं लिहून घ्या. आणि त्यातलं एखादं बी अजून कुणाच्या घरात शिल्लक असेल, तर ते मागून आणा आणि पेरा.

सोपानदेव आणि पितांबर चौधरींनी वेळेत वही केली म्हणून बहिणाबाई आज मराठी पाठ्यपुस्तकांत आहेत. खानदेशातल्या जुन्या वाणांसाठी ती वेळ अजून पूर्ण गेलेली नाही, पण ज्यांना ती वाण ओळखता येतात ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत.